टाऊन हॉलच्या बागेत अख्खी सकाळ

कोल्हापुरात पाहुणे आले की पहिल्याच रात्री जेवताना यादी निघते. पहाटे अंबाबाई, मग न्यू पॅलेस, दुपारी जोतिबा, तिथून पन्हाळा आणि येताना रंकाळ्यावर भेळ. हे सगळं एका दिवसात करून बघितलंय मी. गेल्या दिवाळीत पुण्याहून आक्का, भाचा, सूनबाई आणि दोन नाती आल्या होत्या. धाकटीला घाटात दोनदा उलटी झाली. आक्का गुडघ्यामुळं पन्हाळ्यावर गाडीतनं उतरलीच नाही. रात्री थोरलीला विचारलं, बाळा, आज काय बघितलंस? तिला आठवली ती रस्त्यात आडवी आलेली एक म्हैस. मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून पाहुण्यांची एक सकाळ टाऊन हॉलच्या बागेसाठी राखून ठेवतो, आणि त्या सकाळी दुसरं काहीही नाही.

चौतीस वर्षं मी शाळेत चित्रकला शिकवली. दर हिवाळ्यात वर्ग घेऊन या बागेत यायचो, त्यामुळं इथं काय जमतं आणि काय फसतं हे पोरांनीच मला शिकवलंय.

पहिली गोष्ट, सोमवार टाळा. बागेच्या मधोमध जो टाऊन हॉल आहे त्यातलं वस्तुसंग्रहालय सोमवारी बंद असतं, आणि ते चुकलं तर निम्मी सकाळ चुकली. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. एप्रिल-मेमध्ये यायचं तर सकाळीच. संध्याकाळी वळीव कधी गाठेल सांगता येत नाही. पावसाळ्यात लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर नकोच, पायाखालची माती निसरडी होते.

साडेआठला घर सोडा. गाडी असेल तर दसरा चौकातल्या मैदानावर लावा आणि शाहू महाराजांच्या पुतळ्याला नमस्कार करून चालत या. सीपीआर हॉस्पिटलच्या समोरच बाग आहे. के.एम.टी.च्या म्हणजे शहर बसनं आलात तर सीपीआरला उतरायचं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला रिक्षानं थेट फाटकापाशी सोडा.

आता पिशवीत काय. सतरंजी. म्हाताऱ्या माणसासाठी घडीची खुर्ची, कारण खाली बसलेलं माणूस उठवायला दोघं लागतात आणि त्याला ते आवडत नाही. पाणी जरा जास्तच. खायला दशम्या किंवा धपाटी, शेंगदाण्याची चटणी, भडंग. रस्साबिस्सा काही नको, सांडतो. कचऱ्याला रिकामी पिशवी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पातळ कोरे कागद, मेणाचे खडू आणि एक जुनी पाटी किंवा पुठ्ठा. खेळणी, बॅट, मोबाईल घरी ठेवा.

सतरंजी कुठं टाकायची यावर माझं म्हणणं ठाम आहे. लोक सावली दिसेल तिथं बसतात आणि अर्ध्या तासानं ऊन अंगावर आलं की सगळा संसार उचलत बसतात. हिवाळ्यात सकाळी ऊन आग्नेयेकडून येतं, सावली वायव्येला पडते आणि दुपारपर्यंत सरकत उत्तरेला येते. म्हणून मोठं, दाट झाड बघायचं आणि त्याच्या वायव्येला बुंध्याच्या जवळ बसायचं. दुपारपर्यंत हलावं लागत नाही. मग आक्काला आणि नातींना इथं आणलं, तेव्हा आक्काची खुर्ची मी अशीच मांडली होती. तीन तास ती एकाच जागी निवांत बसली. तिनं नातींची वेणी घातली, तिच्या लहानपणी इथं काय होतं ते सांगितलं, आणि मधेच एक डुलकीही काढली.

बसलं की लगेच मुलांना काही दाखवू नका. वीस मिनिटं धावू द्या. मग एकेका झाडाला कवळा घालायला सांगा. एका मुलाच्या कवळ्यात येणारं झाड, दोघांचं, चौघांचं. झाडाचं नाव तुम्हाला येत नसलं तरी काही बिघडत नाही. पोरं स्वतःच नावं ठेवतात. आमच्या धाकटीनं एकाला 'तीन जणांचं झाड' म्हटलं आणि अजून फोनवर त्याची चौकशी करते. नंतर खाली पडलेली पानं गोळा करायची. तोडायची नाहीत, हे आधीच बजावा. पान उलटं, शिरा वर करून पाटीवर ठेवायचं, वर पातळ कागद, आणि मेणाचा खडू आडवा धरून हलक्या हातानं फिरवायचा. शिरा एकेक करून कागदावर उमटत जातात. सालीवर कागद धरूनही असंच होतं. त्या क्षणी मुलाचं तोंड बघण्यासारखं असतं. नोकरीत हे मी शेकड्यांनी बघितलं, पण नातीचं बघताना गळा दाटून आला.

मोठ्यांनी तोवर इमारत बघून घ्यावी. १८७२ ते १८७६ या काळात ती बांधली. आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. आपला न्यू पॅलेस आणि बडोद्याचा लक्ष्मीविलास पॅलेसही त्यांचेच. टोकदार मनोरे, टोकदार कमानी, सगळी गॉथिक धाटणी. मुलांना नुसतं विचारायचं, या घरात टोकं किती? मोजता मोजता ती आपोआप वर बघतात. समोर जुन्या तोफा आहेत, त्यांच्यावर चढू देऊ नका.

संग्रहालय साडेदहानंतर. सगळं बघायचा हट्ट धरलात तर मुलं तिसऱ्या कपाटापाशी कंटाळतील. मी दोनच गोष्टी दाखवतो.

एक म्हणजे पोसायडनची ब्राँझची मूर्ती. वीतभरसुद्धा नाही, त्यामुळं शोधावी लागते. हा शोध पोरांवरच सोपवायचा. हा ग्रीकांचा समुद्रदेव. इथून जवळच पंचगंगेच्या काठावर ब्रह्मपुरीची टेकडी आहे, तिथं ही मूर्ती सापडली. तिथल्या उत्खननातल्या वस्तू ठेवायला म्हणूनच १९४६ साली हे संग्रहालय सुरू झालं. मुलांना विचारा, कोल्हापुरात समुद्र नाही, मग समुद्राचा देव आला कुठून? उत्तर लगेच देऊ नका. थोरली म्हणाली, पोहत आला असेल नदीतनं. मग सांगायचं की सातवाहनांच्या काळात, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, रोमशी व्यापार चालायचा, जहाजं कोकणच्या किनाऱ्याला लागायची आणि माल घाट चढून वर यायचा. धाकटी तेवढ्यावर मूर्तीला टाटा करून आली.

दुसरी गोष्ट आबालाल रहमान यांची चित्रं. शाहू महाराजांच्या पदरचा हा चित्रकार कोटीतीर्थाच्या काठी राहायचा आणि तिथलंच पाणी, झाडं, ऊन रंगवायचा. बाहेर दोन तास सावली बघून आलेल्या मुलाला त्या चित्रातली सावली वेगळीच दिसते. म्हणून बाग आधी आणि चित्रं नंतर, हा क्रम मोडू नका.

एक कळकळीची विनंती. समोर दवाखाना असल्यामुळं खेड्यापाड्यातून आलेले रुग्णांचे नातेवाईक या बागेत डबा खायला, पाठ टेकायला येतात. रात्रभर जागलेली माणसं असतात ती. त्यांच्याजवळ आरडाओरडा नको, चांगली सावली अडवून पसारा मांडणं नको. त्या दिवशी शेजारी एक मावशी एकट्याच बसल्या होत्या. सूनबाईनं त्यांना दोन दशम्या आणि चटणी नेऊन दिली. त्यांनी नातींना जवळ घेतलं. मुलगा ॲडमिट होता त्यांचा.

बारा-साडेबाराला निघा, मुलं 'अजून थोडं' म्हणत असतानाच. जेवण घरी, दुपारी सगळ्यांनी झोपायचं. संध्याकाळी वाटलं तर गंगावेशीत जाऊन म्हशीचं ताजं, फेसाळ दूध उभ्यानं प्यावं. न्यू पॅलेसला दुसरा दिवस द्या, पन्हाळ्याला तिसरा.

पुण्याला परतताना आक्कानं पानांचे ते सगळे कागद वर्तमानपत्रात गुंडाळून साड्यांच्या घडीत ठेवले. गाडीत बसताना धाकटीनं खिडकीतून विचारलं, "मामाआजोबा, तीन जणांचं झाड उन्हाळ्यात कुणाला कवळा घालतंय बघाल?" परवा जाऊन बघून आलो. फोन करून सांगायचंय तिला.