बाळंतपणाची पिशवी: आधी मागचा कागद

दुपटी, झबली, गाऊन, पॅड, आधार कार्ड हे सगळं कोणीही भरतं. दुसरी खेप असेल तर पिशवीत सगळ्यात आधी मागच्या बाळंतपणाचा कागद ठेवा. पहिलं बाळंतपण माहेरी निफाडला आणि दुसरं नाशिकला, अशा वेळी तो हमखास माहेरच्या कपाटात राहतो. आमचाही तिथेच राहिला. बाळ बाहेर येताना योनीखालची जागा फाटते, ती चीर. ती मागच्या वेळी किती खोल होती हे डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा "टाके पडले होते" यापलीकडे कोणाला काही सांगता येईना.

आणि टाके म्हणजे सगळे सारखे नव्हेत. चिरेच्या चार पायऱ्या असतात: पहिलीत फक्त त्वचा, दुसरीत आतले स्नायू, तिसरीत गुदद्वार आवळून धरणारा स्नायू, चौथीत थेट गुदाशयाचं अस्तर. तिसरी-चौथी होऊन गेली असेल तर पुढच्या नॉर्मल बाळंतपणात तसंच होण्याची शक्यता साधारण 5 ते 7 टक्के धरतात. गॅस किंवा शौच अजून रोखून धरता येत नसेल, तर सिझेरियनचा विचार आधीच करावा लागतो. म्हणून कागद! कार्डावर नुसतं 'नॉर्मल, टाके घातले' असेल तर त्या दवाखान्यात जाऊन पायरी लिहून आणा. सातव्या महिन्यातच आणा. कळा सुरू झाल्यावर निफाडला कोण पळणार?

पहिलटकरणीकडे हा कागद नसतो, पण धोका तिलाच जास्त. ब्रिटनमध्ये तिसऱ्या-चौथ्या पायरीच्या चिरा पहिलटकरणींत 6.1 टक्के, आधी बाळंत झालेल्यांत 1.7 टक्के आढळल्या. पहिलं सिझेरियन होऊन आता नॉर्मलला जाणारीनेही स्वतःला पहिलटकरीणच समजावं. तपासणीला विचारा: बाळ 4 किलोच्या वर जाईल का? (मधुमेह असेल तर नक्की विचारा.) बाळाचं तोंड आईच्या पोटाकडे आहे का? जोर लावण्याचा टप्पा लांबला तर बाळाचं डोकं ओढून काढायला चिमटा (फोर्सेप्स) लावणार की व्हॅक्यूम? चिमट्याने फाटण्याचा धोका व्हॅक्यूमपेक्षा जास्त असतो. तूप-दुधाने वाट मऊ होते असं घरातल्या मोठ्या बायका सांगतात. तूप खाऊ दे, पण त्यावर विसंबू नका. त्यापेक्षा 34 आठवड्यांनंतर, डॉक्टरांना विचारून, योनीच्या खालच्या बाजूला तेलाने मालिश करा. पहिलटकरणीला त्याचा उपयोग होतो. लाजेपायी हे टाळू नका.

लेबर रूममध्ये जोर लावताना योनीच्या खालच्या बाजूला गरम ओल्या कापडाचा शेक मागा. डोकं दिसू लागलं आणि "थांब" म्हणाले की थांबायचं, छोटे श्वास घ्यायचे. सोबत असणाऱ्यांनी तेव्हा "लाव जोर" असं ओरडू नये. वाट मोठी करायला डॉक्टर कात्रीने घेतात तो छेद सरसकट घेऊ नये असं जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये सांगितलं आहे. घ्यावाच लागला तर तिरका, साधारण 60 अंशांत. सरळ खाली घेतलेला छेद गुदद्वारापर्यंत फाटत जाऊ शकतो.

नंतर टाक्यांआधी गुदद्वारात बोट घालून तपासलं का, हे विचारा. मोठी चीर ऑपरेशन थिएटरमध्ये, नीट भूल देऊन शिवतात. त्यानंतर अँटिबायोटिक, पोट साफ राहण्याचं औषध, ओटीपोटाचे व्यायाम, 6 ते 12 आठवड्यांनी तपासणी. घरी निघण्याआधी चिरेची पायरी लिहिलेला कागद हातात घ्या, फोटो काढून दोघांच्या फोनमध्ये ठेवा. गॅस-शौच रोखून धरता येत नसेल तर "बाळंतपणानंतर होतंच असं" म्हणणाऱ्या कोणाचंही ऐकू नका, लगेच डॉक्टरांकडे जा.