शेतावरच्या आगीच्या गाडीचे कागद: न्यू साउथ वेल्समधील जमीनमालकांसाठी

सह्याद्रीच्या उतारावर वणवा लागला की गावकरी हिरव्या फांद्या तोडून आग झोडपत पुढे सरकतात. ऑस्ट्रेलियातील वाळलेल्या गवताच्या माळावर हा उपाय चालत नाही, कारण तिथे वाऱ्यावरची आग ताशी २५ किलोमीटरपर्यंत वेग घेऊ शकते. म्हणून न्यू साउथ वेल्समधील शेतकरी जुन्या यूटच्या, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या छोट्या मालवाहू गाडीच्या, हौद्यात पाण्याची टाकी, पंप आणि नळी कायमची बसवून ठेवतो, आणि धूर दिसताच बहुधा तोच सर्वांत आधी पोहोचतो. ही गाडी स्वतःच्या कुंपणाच्या आत फिरते तोवर तिच्या कागदांचा प्रश्न सहसा येत नाही. मात्र शेजाऱ्याच्या शेताकडे निघाले की मध्ये सार्वजनिक रस्ता लागतो आणि तिथे नोंदणी, म्हणजे इथल्या बोलीत ‘रेगो’, लागते.

रेगोचा खरा अर्थ नंबर प्लेटपेक्षा विम्यात आहे. या राज्यात नोंदणीपूर्वी ‘ग्रीन स्लिप’ नावाचा सक्तीचा विमा घ्यावा लागतो. गाडीमुळे कोणी जखमी झाल्यास त्याची भरपाई या विम्यातून होते. कुंपण मोडले, दुसऱ्याची गाडी ठोकली किंवा आपलीच यूट जळाली, तर हा विमा उपयोगाचा नाही. धुरात समोरचे दिसत नसताना विनानोंदणी गाडीने कोणाला धडक दिली, तर जखमीला ‘नॉमिनल डिफेंडंट’ या व्यवस्थेतून भरपाई मिळू शकते, परंतु ती रक्कम नंतर गाडीमालकाकडून वसूल केली जाऊ शकते. मालमत्तेच्या नुकसानीसाठी वेगळा विमा असेल, तर त्यात शेताबाहेर आग विझवण्याचे काम धरले आहे का, हे कंपनीकडून लेखी घ्यावे. फोनवरच्या ‘हो, चालेल’वर विसंबू नये.

पहिला निर्णय नोंदणीच्या प्रकाराचा. यूट मुळात धडधाकट असेल, तर तिची पूर्ण नोंदणी करावी असे माझे मत आहे, कारण मग तीच गाडी एरवी खत आणायलाही कामी येते आणि व्यवसायाने शेतकरी असल्याचे दाखवता आल्यास सवलतीसाठी अर्ज करता येतो. नोंदणी संपून तीन महिन्यांहून अधिक काळ लोटला असेल, तर अधिकृत तपासणी केंद्रातून ‘ब्लू स्लिप’, म्हणजे गाडी तपासल्याचा दाखला, घ्यावी लागते. याउलट, जुना ट्रक किंवा बरेच फेरफार केलेली गाडी नेहमीचे निकष पूर्ण करू शकत नसेल, तर ‘कंडिशनल रजिस्ट्रेशन’, म्हणजे अटींसह नोंदणी, हा मार्ग आहे. तीत गाडीचा रस्त्यावरील वापर मर्यादित असतो आणि ‘सर्टिफिकेट ऑफ अप्रूव्ह्ड ऑपरेशन्स’ या कागदावर अटी लिहिलेल्या असतात. अर्ज करताना गाडी आग विझवण्यासाठी आहे हे सर्व्हिस एनएसडब्ल्यू या राज्य सरकारच्या सेवा केंद्राच्या खिडकीवर स्पष्ट सांगावे, म्हणजे योग्य वर्गाच्या अटी लागू होतील.

खिडकीवर जाण्यापूर्वी एक दुपार गाडीखाली घालवावी. १९८९ पासूनच्या गाड्यांना सतरा अक्षरी ओळख क्रमांक असतो, तर त्याआधीच्या गाड्यांचा चेसिस क्रमांक पत्र्यावर कोरलेला असतो आणि तो ग्रीस, माती व गंज यांच्या थराखाली दडलेला असतो. तारेचा ब्रश आणि थोडे रॉकेल घेऊन तो स्वच्छ करावा, त्याचे छायाचित्र काढावे आणि कागदावरच्या क्रमांकाशी एकेक अक्षर ताडून पाहावे. ३ आणि ८ यांची गल्लत इथेच होते. गाडी जुन्या मालकाकडून घेतलेली असेल, तर खरेदीची पावती हवी, शिवाय दोन डॉलर भरून पीपीएसआर या सरकारी नोंदवहीत तिच्यावर कर्ज नाही ना, हे पाहून घ्यावे.

सर्वांत जास्त गाड्या अडतात त्या वजनावर. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन, आणि तेवढा भार पेलणाऱ्या बऱ्याच यूटची मर्यादा त्याच पाण्यात संपते. मग टाकी, पंप, नळीचे रीळ, लोखंडी हौदा, पुढचा बुलबार (धडकेपासून वाचवणारी जाड दांड्यांची चौकट) आणि आत बसलेली दोन माणसे यांचे वजन कुठे धरायचे? टाकी काठोकाठ भरून, सगळे सामान चढवून, माणसांसह गाडी वजनकाट्यावर न्यावी आणि पावतीवरचा आकडा गाडीच्या कमाल परवानगी वजनाशी, म्हणजे जीव्हीएमशी, ताडावा. आकडा वर गेला तर टाकी लहान करावी. अर्धी भरलेली टाकी हा उपाय नव्हे, कारण आडवे पडदे नसलेल्या टाकीत पाणी वळणावर एका बाजूला धाव घेते आणि गाडी कलंडते. जीव्हीएम साडेचार टनांपुढे असेल, तर नोंदणीचे नियम बदलतातच, शिवाय चालकाचा साधा ‘सी’ वर्गाचा परवानाही पुरत नाही. टाकी ट्रेलरवर बसवली असेल, तर ट्रेलरची नोंदणी स्वतंत्र करावी लागते आणि ७५० किलोंहून अधिक भाराच्या ट्रेलरला ब्रेक लागतात.

टाकी आणि पंप बोल्टने घट्ट बसवलेले असावेत. दोरीने आवळलेला पंप घेऊन तपासणीला जाऊ नये. टपावर लाल किंवा निळे लुकलुकते दिवे लावू नयेत, ते आपत्कालीन सेवांचे आहेत. रस्त्यावर सर्वांनी आत, पट्टा लावून बसावे; नळी धरून हौद्यात उभे राहणे शेतापुरतेच ठेवावे.

हे सर्व हिवाळ्यात, जून ते ऑगस्टमध्ये, उरकावे. राज्याचा वैधानिक वणवा-काळ १ ऑक्टोबर ते ३१ मार्च असतो, आणि सप्टेंबर उजाडला की तपासणी केंद्रात शेजारच्या सगळ्या यूट रांगेत उभ्या असतात. अटींच्या प्रमाणपत्राची प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवावी. नूतनीकरणाची तारीख ऐन सुगीत, डिसेंबरात, येणार असेल, तर सर्व्हिस एनएसडब्ल्यूच्या ॲपवर त्याची आठवण लावून ठेवावी.