तिशी-चाळिशीत दातांना तारा बसवून घ्यायच्या असतील तर

दात सरळ करून घेण्याला वयाची अट नाही. दातावर हलका दाब सतत राहिला की दाबाच्या बाजूचे हाड विरघळते, ओढीच्या बाजूला नवे हाड तयार होते आणि दात हळूहळू सरकतो. ही क्रिया विशीत चालते तशी पन्नाशीतही चालते. मात्र मोठ्या माणसाच्या जबड्याची वाढ थांबलेली असल्यामुळे जबडाच पुढे किंवा मागे असेल तर नुसत्या तारांनी तो दोष पूर्णपणे जात नाही, प्रसंगी शस्त्रक्रियेची जोड द्यावी लागते. शिवाय या वयात हिरड्यांचे दुखणे सर्रास आढळते, आणि हिरड्या आजारी असताना दात ओढले तर ते सरळ होण्याऐवजी हलू लागतात.

म्हणून सुरुवात हिरड्यांपासून करावी. आधी साध्या दंतवैद्याकडून दातांची सफाई, किडीची भरणी आणि लागल्यास रूट कॅनल उरकून घ्यावे. बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी-चिकोडी पट्ट्यात बऱ्याच घरांत मशेरी, तंबाखू किंवा बिडीची सवय असते. ती डॉक्टरांपासून लपवण्यात काहीच हशील नाही. बिडी ओढणाऱ्याच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, त्यामुळे आत हाड झिजत असूनही वरून सारे ठीक वाटते. मधुमेह असल्यास साखर आटोक्यात आणावी, आणि हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून काही औषध चालू असेल तर त्याची चिठ्ठी सोबत न्यावी.

त्यानंतर ऑर्थोडॉन्टिक्समध्ये, म्हणजे दात सरळ करण्याच्या शाखेत, एमडीएस ही पदव्युत्तर पदवी घेतलेले डॉक्टर गाठावेत. बेळगावात केएलई संस्थेचे आणि मराठा मंडळाचे अशी दोन दंत महाविद्यालये आहेत. महाविद्यालयात खर्च साधारणपणे कमी येतो, पण वेळ जास्त मोडतो. तेथे उपचार बहुधा पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली करतात. त्यांचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा असल्याने आपले काम अर्धवट असताना ते बाहेर पडले तर पुढे कोण पाहणार, हे पहिल्याच भेटीत विचारावे. उपचार दीड ते अडीच वर्षे चालतो आणि दर चार ते सहा आठवड्यांनी जावे लागते. खानापूर, संकेश्वर किंवा निपाणीहून येणाऱ्याने कामावरच्या रजेचा हिशेब आधीच मांडावा. कर्नाटकातील रहिवासी महिलांना शक्ती योजनेमुळे साध्या सरकारी बसचे तिकीट पडत नाही, तेवढा खर्च वाचतो.

तपासणीत सगळ्या दातांचा आणि चेहऱ्याच्या बाजूचा असे एक्स-रे, फोटो व दातांचे ठसे घेतले जातात. दाटी फार असेल तर सुळ्यामागच्या उपदाढा काढण्याचा सल्ला मिळतो. चांगले दात का काढायचे, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर एक्स-रे समोर ठेवूनच मिळायला हवे. संमतिपत्र इंग्रजी किंवा कन्नडमध्ये असेल तर मराठीतून समजावून घेतल्याशिवाय सही करू नये. धातूच्या तारा सर्वांत स्वस्त आणि भक्कम असतात. सिरॅमिकच्या कमी दिसतात, पण महाग पडतात. पारदर्शक अलाइनर म्हणजे दातांवर चढवायचे, काढता-घालता येणारे साचे. ते दिवसातले २० ते २२ तास घालावे लागतात आणि खाता-पिताना काढावे लागतात, त्यामुळे दर तासाला चहा घेणाऱ्याने त्यांच्या वाटेला न गेलेले बरे.

तारा बसवण्याच्या दिवशी भूल द्यावी लागत नाही. ओठ प्लास्टिकच्या चौकटीने ताणून धरतात, दात कोरडे करून त्यावर आम्लाची जेल लावतात, धुतात आणि एकेक ब्रॅकेट (तार अडकवायचा छोटा चौकोनी तुकडा) चिकटवून निळ्या प्रकाशाने घट्ट करतात. जिभेला जेल लागली तर आंबट चव येते, एवढाच काय तो त्रास. खरे दुखणे संध्याकाळी सुरू होते आणि तीन-चार दिवस टिकते. त्या दिवसांत मऊ भात, आंबील किंवा आमटीत कुस्करलेली भाकरी खावी. टोचणाऱ्या ठिकाणी तारांसाठी मिळणारे खास मेण लावावे.

पुढे तारा असेपर्यंत गोकाकचे करदंट (सुक्या मेव्याची चिवट मिठाई), कडक भाकरी, भाजलेले शेंगदाणे आणि दातांनी सोललेला ऊस वर्ज्य. कुंदा ही दुधाची मिठाई मऊ असली तरी गोड आहे. खाल्लीच तर लगेच दात घासावेत. ब्रश आधी ब्रॅकेटच्या वरून, मग खालून तिरका फिरवावा आणि तारेखाली बारीक ब्रश घालावा. हे राहिले तर तारा काढल्यावर दातांवर पांढरे चौकोन उमटलेले दिसतात आणि ते सहसा पूर्ण जात नाहीत. ब्रॅकेट सुटला तर पुढच्या तारखेची वाट न पाहता फोन करावा.

तारा निघाल्यावर रिटेनर, म्हणजे दात नव्या जागी धरून ठेवणारा साचा, सुरू होतो, आणि बरेच जण येथेच ढिले पडतात. दात जुन्या जागी परतू पाहतात. मोठ्या वयात तर रात्रीचा रिटेनर वर्षानुवर्षे वापरावा लागतो. त्याचा खर्च ठरलेल्या रकमेत धरला आहे की नाही, हे सुरुवातीलाच विचारून घ्यावे. तो गार पाण्यानेच धुवावा, कारण गरम पाण्यात त्याचा आकार बिघडतो. आणि जेवताना कागदात गुंडाळून ताटाशेजारी न ठेवता डबीत ठेवावा, नाहीतर खरकट्याबरोबर फेकला जातो.