एल्डर पुरस्कारासाठी प्रबंधाचे हस्तलिखित कसे घडवावे

अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज ही संस्था भारतविषयक पुस्तकांच्या अप्रकाशित हस्तलिखितांसाठी दरवर्षी दोन पुरस्कार जाहीर करते. मानव्यविद्यांचा पुरस्कार एडवर्ड कॅमेरॉन डिमॉक यांच्या नावाचा आहे, तर सामाजिक शास्त्रांचा जोसेफ एल्डर यांच्या नावाचा. एल्डर हे मॅडिसनच्या विस्कॉन्सिन विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. संस्था १९६१ साली स्थापन झाली, तिचे भारतातील काम पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून सुरू झाले आणि तिच्या मराठी वर्गांचे केंद्रही पुणेच राहिले. त्यामुळे महाराष्ट्रावर लिहिणाऱ्या तरुण संशोधकाने हा पुरस्कार आपल्या वाटेवरचाच समजावा.

सर्वप्रथम त्या वर्षीचे निवेदन मुळातून वाचावे. पुरस्कार नवोदित अभ्यासकांसाठी असून पीएच.डी. मिळून आठ वर्षांच्या आत असलेल्यांनाच अर्ज करता येतो. सदस्यत्वाविषयीच्या अटी आणि अंतिम तारीख त्याच निवेदनात पाहाव्यात. पुस्तक छापून आले की हे दार बंद होते. त्यानंतर असोसिएशन फॉर एशियन स्टडीजचा, दक्षिण आशियावरील पहिल्या पुस्तकासाठी असलेला बर्नार्ड कोहन पुरस्कार किंवा लायडनहून चालवला जाणारा, आशिया-अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय अधिवेशनाचा (आयकॅस) ग्रंथपुरस्कार यांचा विचार करता येतो. इतिहासाच्या अभ्यासकांना डिमॉक की एल्डर असा प्रश्न पडतो. आपला पुरावा आणि युक्तिवाद संहितांच्या अर्थनिर्णयावर उभा आहे की संस्था, श्रम, सत्ता यांच्या विश्लेषणावर, हे पाहून त्याचे उत्तर ठरवावे.

खरे कष्ट यानंतर सुरू होतात, कारण संस्कार न केलेला प्रबंध या पुरस्कारासाठी स्वीकारला जात नाही. प्रबंध परीक्षकांसाठी लिहिलेला असतो. आपण सर्व वाचले आहे, पद्धत निर्दोष आहे, हे त्यात पानोपानी सिद्ध करावे लागते. पुस्तकाच्या वाचकाला ती ग्वाही नको असते. म्हणून पूर्वसंशोधनाचा आढावा घेणारे स्वतंत्र प्रकरण काढून टाकावे, त्यातील जे मतभेद आपल्या युक्तिवादाला खरोखर भिडतात तेवढेच योग्य जागी आणावेत आणि पद्धतीचे विवेचन प्रस्तावनेच्या काही परिच्छेदांत बसवावे. हे करताना हात जड होतो, पण माझ्या मते निम्म्याहून अधिक सुधारणा याच कापाकापीत होते.

२०१४ चा एल्डर पुरस्कार लिसा ब्योर्कमन यांच्या मुंबईच्या पाण्यावरील हस्तलिखिताला मिळाला. पुढच्या वर्षी ते ड्यूक विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने पुस्तकरूपाने आणले. गोवंडीकडील शिवाजीनगर-बैंगणवाडीतील नळजोडण्या, दाब आणि पाण्याच्या वेळा यांचा माग काढत त्यांनी शहराचे राजकारण मांडले. त्यातून शिकण्यासारखी गोष्ट ही की प्रदेशाचे बारीक ज्ञान आणि विद्याशाखेला विचारलेला प्रश्न यांच्यात सांधा दिसता कामा नये. प्रदेश-अभ्यासाच्या हस्तलिखितात नेमका हाच सांधा उघडा पडतो: आरंभी सिद्धान्त, मध्ये शंभर पाने तपशील आणि शेवटी पुन्हा सिद्धान्त.

समजा, विषय बीडहून पश्चिम महाराष्ट्रात जाणाऱ्या ऊसतोड कामगारांचा आहे. प्रबंधात बहुधा असे वाक्य असते की स्थलांतरित श्रमात लिंगभाव कळीचा ठरतो. ते खरे आहे, पण त्याने काहीच उघड होत नाही. त्याऐवजी मजुरांची टोळी जमवणाऱ्या मुकादमाच्या वहीपासून सुरुवात करावी. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि हंगामाआधी दिलेली उचल त्या जोडीच्या नावे, म्हणजे बहुतेक वेळा नवऱ्याच्या हाती, पडते. ऊस तो तोडतो, मोळ्या बांधून त्या डोक्यावरून गाडीपर्यंत ती नेते, पण वहीत तिच्या कामाला वेगळा रकाना नसतो. हे दाखवल्यावर कर्ज, विवाह आणि मजुरी यांचा संबंध कसा लागतो, हा प्रश्न वाचक आपणहून विचारतो, आणि तुमचा सैद्धान्तिक दावा त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून येतो. प्रत्येक प्रकरणात असा एक तरी पुरावा शोधावा, ज्याच्यावाचून दावा उभाच राहणार नाही. उरलेली उदाहरणे निर्दयपणे कमी करावीत.

उचल, मुकादम, कोयता हे शब्द मराठीच ठेवावेत, पहिल्या वेळी वाक्याच्या ओघात त्यांचा अर्थ उलगडावा आणि लिप्यंतराची एकच पद्धत शेवटपर्यंत पाळावी. मुलाखती मराठीतून घेतल्या असतील तर भाषांतर कोणाचे, हेही नोंदवावे. जिल्हा न ओळखणाऱ्या वाचकासाठी एक स्वच्छ नकाशा दहा पानांच्या वर्णनाहून अधिक उपयोगी पडतो.

पाठवण्यापूर्वी हस्तलिखित दोन जणांकडून वाचून घ्यावे. एक वाचक त्या भागाचा जाणकार असावा, म्हणजे हंगामाचे महिने, जातींची नावे, कारखान्याची रीत यांतील चुका सापडतील. दुसरा आपल्याच विद्याशाखेतला, पण आफ्रिका किंवा लॅटिन अमेरिकेवर काम करणारा असावा. त्याला प्रस्तावना वाचून मुख्य युक्तिवाद दोन वाक्यांत सांगता आला नाही, तर प्रस्तावना नव्याने लिहावी. जाणकार वाचकाला आणखी एक काम सांगावे: नावे बदलूनही गाव, कारखाना आणि टोळी यांवरून एखादा मुकादम किंवा मजूर ओळखू येतो का, हे तपासायला लावावे. ओळखू येत असेल तर तो तपशील कितीही बोलका असला तरी वगळावा, कारण उचल अजून फिटलेली नसलेल्या माणसाला पुढच्या हंगामात त्याच मुकादमाकडे जायचे असते.