आल्प्समध्ये चालायला जाताना: तारखा, गाड्या आणि शेवटची टालफार्ट

स्वित्झर्लंडच्या बर्नीज ओबरलांडमध्ये, म्हणजे ग्रिंडेलवाल्ड-लाउटरब्रुनेनच्या परिसरात, आठवडाभर डोंगरात चालायचं असेल तर ही तयारी. मागच्या वेळी व्हिसा, बूट, तिकिटं सगळं जमलं होतं. लिहून घ्यायची राहिली ती एकच गोष्ट: डोंगरावरून खाली येणाऱ्या शेवटच्या केबल कारची, म्हणजे जर्मनमधल्या 'टालफार्ट'ची, वेळ. ती इथे पुन्हा पुन्हा येईल. कंटाळा न करता प्रत्येक वेळी वाचा.

आधी तारखा. मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत हा बेत बसत नाही. मेमध्ये 2000 मीटरच्या वरच्या वाटांवर बर्फ असतो, आणि हिवाळा व उन्हाळा यांच्या मधल्या त्या दिवसांत बऱ्याच केबल कार देखभालीसाठी बंद ठेवतात. वेळापत्रकात 'रेव्हिझिऑन' हा शब्द दिसला की त्या तारखांना ती सेवा नाही. दिवाळीच्या सुट्टीचंही तेच, ऑक्टोबरअखेर ते डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत. चालण्यासाठी खरा काळ जुलैची सुरुवात ते सप्टेंबरचा मध्य. जूनअखेरीलाही उत्तरेकडच्या उतारांवर बर्फाचे पट्टे राहतात, आणि तिथे पाय घसरला तर थांबायला काही नसतं. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर वीज-वादळ होतं, 1 ऑगस्टच्या राष्ट्रीय दिनाला खोल्या मिळत नाहीत. सप्टेंबरचा पहिला पंधरवडा सगळ्यात छान, हवा स्थिर, गर्दी कमी. गौरी-गणपती बऱ्याचदा त्याच सुमारास येतात, तेव्हा तो निर्णय घरात आधीच करून टाका.

व्हिसाचा अर्ज 6 महिने आधीपासून करता येतो. एप्रिल-मेमध्ये अपॉइंटमेंटसाठी झुंबड असते, मार्चमध्येच उरका. विमा किमान 30,000 युरोंचा लागतोच, पण त्यात डोंगरातून हेलिकॉप्टरने उचलून आणण्याचा खर्च धरलाय का, ते पॉलिसीत वाचा. बऱ्याच स्वस्त पॉलिसींमध्ये ट्रेकिंग वगळलेलं असतं.

आता प्रवास. झुरिक विमानतळाच्या खालीच रेल्वे स्टेशन आहे. बर्नमार्गे इंटरलाकेन ओस्टला पोचायला सव्वादोन तासांच्या आसपास लागतात. तिथून लाउटरब्रुनेन 20 मिनिटं, ग्रिंडेलवाल्ड 35 मिनिटं, गाड्या अर्ध्या तासाला. इथे एक गोष्ट सांभाळा. गाडी एकच सुटते आणि झ्वायल्युचिनेन स्टेशनवर तिचे दोन भाग होतात, एक ग्रिंडेलवाल्डला, दुसरा लाउटरब्रुनेनला. डब्यावरचं नाव वाचूनच चढा आणि बॅग ज्या डब्यात, त्याच डब्यात तुम्हीही बसा. वेंगेन आणि म्युरेन ही गावं मोटारमुक्त आहेत, मोठ्या सुटकेसा चढवण्या-उतरवण्यात जीव जातो. पाठीवरची सॅक न्या.

पास घेताना घाई करू नका. स्विस ट्रॅव्हल पासवर खालच्या रेल्वे, बस, बोटी फुकट, पण बहुतेक डोंगरी गाड्यांवर फक्त सवलत मिळते. युंगफ्राउ ट्रॅव्हल पासवर डोंगरी गाड्या येतात, मात्र 3 ते 8 दिवस सलग वापरावा लागतो, त्यामुळे पावसाचा दिवसही मोजला जातो. हवेचा भरवसा नसेल तर महिनाभराचं हाफ फेअर कार्ड घ्या. जवळपास सगळीकडे अर्धं तिकीट, आणि ज्या दिवशी निघाला नाहीत त्या दिवशी खर्च नाही. आम्ही तेच सुचवतो.

आणि आता ती गोष्ट. खोऱ्यातल्या गाड्या रात्री उशिरापर्यंत धावतात. मुंबईकराला मध्यरात्रीनंतरही लोकल मिळायची सवय, त्यामुळे खाली जायला काहीतरी असेलच असं मनात पक्कं बसलेलं असतं. डोंगरावर तसं नाही. वर फिरायला नेणाऱ्या बहुतेक केबल कार आणि दात्याच्या रेल्वे (रुळांमधल्या दात्यांना धरून चढणाऱ्या) संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास बंद होतात. जुलैत उजेड रात्री नऊच्या पुढेही असतो, फसगत नेमकी तिथेच होते. ऊन आहे म्हणून माणूस तळ्याकाठी बसून राहतो आणि केबल कार निघून गेलेली असते. वेळापत्रकावर दोन शब्द शोधा: 'बेर्गफार्ट' म्हणजे वर जाणारी, 'टालफार्ट' म्हणजे खाली येणारी. तुम्हाला हवी ती 'लेट्स्टे टालफार्ट', खाली येणारी शेवटची. 'बेर्गफार्ट'च्या ओळीतली वेळ उतरवून घेतलीत तर सगळं गणित चुकतं. ही वेळ तारखेप्रमाणे बदलते, ऑगस्टची वेगळी, ऑक्टोबरची वेगळी. स्विस रेल्वेच्या ॲपवर अवलंबून राहू नका, सतत फिरणाऱ्या गोंडोलाची (छोट्या डब्यांच्या केबल कारची) वेळ चालवणाऱ्या कंपनीच्या पानावर पाहा, तुमच्या तारखेची. मग कागदावर लिहा आणि कागद खिशात ठेवा.

दिवसाचा बेत या वेळेपासून उलटा मांडायचा. उदाहरणाला शिनिगे प्लाट्टे हे डोंगरावरचं रेल्वे स्टेशन ते फिर्स्ट, म्हणजे ग्रिंडेलवाल्डच्या वरचं गोंडोलाचं स्टेशन, ही वाट घ्या. इंटरलाकेनजवळच्या विल्डर्सविलहून दात्याची जुनी रेल्वे 52 मिनिटांत 1967 मीटरवर नेते. ती साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यापर्यंतच चालते. तिथून डोंगरधारेने 2681 मीटरच्या फाउलहॉर्नवर, मग बाखाल्पझे तळ्यावरून फिर्स्टला. साधारण 16 किलोमीटर, वाटेवरच्या पिवळ्या पाट्यांच्या हिशेबाने सुमारे 6 तास. पाटीवरची वेळ निव्वळ चालण्याची असते, त्यात जेवण नाही, फोटो नाहीत, दम खाणं नाही. दीड-दोन तास वाढवा, म्हणजे 8. शेवटची टालफार्ट साडेपाचची असेल तर फिर्स्टला साडेचारला पोचायचं ठरवा, म्हणजे वरून साडेआठला चालायला लागायचं, म्हणजे साडेसातच्या सुमाराची पहिली गाडी. दुसरी नाही, पहिली. जागा आधी राखून ठेवा. विल्डर्सविल किंवा इंटरलाकेनला मुक्काम असला तर सोपं जातं. संध्याकाळी ग्रिंडेलवाल्डहून परत यायला गाड्या भरपूर आहेत.

तासभराची मोकळीक उगाच नाही. जोराचा वारा किंवा वीज असली तर गोंडोला वेळेआधीच थांबवतात. म्हणजे साडेपाच ही हमी नाही. चुकली तर फिर्स्टहून ग्रिंडेलवाल्डपर्यंत 1134 मीटर पायी उतार, सिंहगडाच्या जवळजवळ दुप्पट, अडीच-तीन तास, तेही दिवसभर चालून ढोपरं बोलायला लागल्यावर. उलट्या दिशेने चालू नका. शिनिगे प्लाट्टेला शेवटची गाडी गेली तर खालची वाट आणखी लांब आहे. अर्ध्यात उशीर झालेला दिसला तर फाउलहॉर्नवरून बुसआल्पला उतरा, तिथून उन्हाळ्यात बस मिळते. तिचीही शेवटची वेळ त्याच कागदावर हवी. एका दिवसाला एक कागद, त्यावर सगळ्यात वर शेवटची टालफार्ट, तिच्याखाली पर्यायी बस, मग बाकीचं.

फाउलहॉर्नवर नेमकं किती वाजता असायचं, तेही ठरवा. दोन वाजेपर्यंत पोचला नाहीत तर तिथली विश्रांती रद्द, सरळ खाली. तळ्याकाठचा तास आधी कापा, टालफार्टला धक्का लावू नका.

बाकी भराभर. डोंगरधारेवर पाण्याचा भरवसा नाही, माणशी 2 लिटर. लाल-पांढरी खूण म्हणजे डोंगरवाट, निळी-पांढरी दिसली तर ती तुमच्यासाठी नाही. सकाळी निघण्याआधी शिखरावरचा वेबकॅम पाहा. रेस्क्यूचा नंबर 1414, सगळीकडे चालणारा 112. रविवारी बरीच दुकानं बंद, स्टेशनवरची उघडी. मेतकूट-भाजणी न्या, तूप-पेढे नेऊ नका, युरोपबाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. पावसाचा एक दिवस रिकामा ठेवा. उतरल्या दिवशी चालायला जाऊ नका.

परतीला ग्रिंडेलवाल्ड ते झुरिक विमानतळ 3 तास, विमानाआधी 3 तास. दुपारी 1 चं विमान असेल तर सकाळी 7 ची गाडी, नाहीतर आदली रात्र झुरिकला काढा.