वणवा गावापर्यंत पोचायच्या आधी काय करायचं (खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या लोकांसाठी)

संक्रांत झाली की आमच्या कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर जांबोटी भागात गवत वाळायला लागतं, पानगळ सुरू होते आणि फेब्रुवारीपासून वळीव पडेपर्यंत रात्री डोंगरावर लाल रेघ दिसणं नेहमीचंच झालंय. काही वर्षांमागं माझ्या चुलत्यांची काजूची बाग अशीच गेली, मोहोर आलेला होता, दुपारी दीडला धूर दिसला आणि चारला बागेत काही उरलं नव्हतं. आम्ही सगळे धावलो पण कुणी काय करायचं हेच ठरलेलं नव्हतं, दोघांचे पाय भाजले. तेव्हापासून जे शिकलो, विचारलं, वाचलं ते सगळं इथं लिहितोय.

पहिलं म्हणजे आग कोण लावतं. बांबूला बांबू घासून वणवा पेटतो असं म्हातारी माणसं सांगतात, पण आपल्याकडचे बहुतेक वणवे माणसाच्या हातनंच लागतात. कुणी तरव्यासाठी, म्हणजे भाताच्या रोपांसाठी, राब भाजतं (वाफ्यावर पाला-शेणी जाळतं), कुणी गवत चांगलं यावं म्हणून पेटवतं, कुणी मध काढायला टेंभा नेतं. राब भाजू नका असं मी म्हणणार नाही, शेती त्यावर चाललीय, पण पहाटे वारा नसताना भाजा, आधी चारी बाजूनं सहा-सात हात जमीन खरडून घ्या, दोघं-तिघं असा, पाण्याच्या घागरी भरून ठेवा. आणि संध्याकाळी परत जाऊन बघाच, कारण शेणी आणि जुने खुंट आतल्या आत धुमसत राहतात, वरून राख गार दिसते आणि दुसऱ्या दिवशी दुपारचा वारा सुटला की परत पेट घेतात.

आता घर. लोकांना वाटतं आग चालत येते, पण घरं जास्त करून उडत आलेल्या ठिणग्यांनी जळतात. 2018 साली कॅलिफोर्नियातलं पॅराडाईज गाव जवळजवळ सगळं जळालं, 85 माणसं गेली, तिथं वाऱ्यानं निखारे आगीच्या पुढं उडत जाऊन घराघरावर पडत होते. आपल्या कौलांच्या फटीत, पन्हाळीत साठलेला पाला म्हणजे त्या ठिणगीला तयार बिछानाच, तो जानेवारीतच काढून टाका. गवताची गंजी आणि सरपण घराच्या भिंतीला लावून रचायची आपली सवय आहे ती मोडा, निदान वीस-तीस पावलं लांब न्या. बागेच्या डोंगराकडच्या अंगाला जाळपट्टी काढा, दहा-बारा फूट तरी, पाला झाडून अगदी माती दिसली पाहिजे. एकट्यानं केलं तर फार उपयोग होत नाही, शेजाऱ्याची बाग तशीच राहिली तर आग तिथनं येते, म्हणून गल्लीनं किंवा वाडीनं मिळून दोन दिवस काढा, ग्राम अरण्य समिती असली तर तिला धरून करा.

धूर दिसला की पहिला फोन, मग बाकी सगळं. वनखात्याची हेल्पलाईन 1926, नाही लागला तर 112. नुसतं डोंगराला आग लागलीय म्हणून सांगू नका, गावाचं नाव, डोंगराचं किंवा ओढ्याचं नाव, वारा कुठल्या बाजूचा, गाडी कुठपर्यंत येते हे सांगा आणि लोकेशन पाठवा. पलीकडचा माणूस कन्नड बोलणारा असेल तर ‘अडविगे बेंकी हत्तैती’ (जंगलाला आग लागलीय) एवढं म्हणा आणि गावाचं नाव घ्या, तेवढ्यावर काम सुरू होतं. आग महाराष्ट्रातल्या चंदगडच्या बाजूला सरकत असेल तर तिकडच्या पाहुण्यांनाही फोन करून त्यांच्या वनखात्याला कळवायला सांगा, वणव्याला दोन राज्यांची हद्द कळत नाही. देहरादूनच्या फॉरेस्ट सर्व्हे ऑफ इंडियाकडं नाव नोंदवलं तर सॅटेलाईटनं आग पकडली की मोबाईलवर मेसेज येतो, फुकट आहे, गावातल्या दोन-तीन पोरांनी नोंदवून ठेवा. पण सॅटेलाईट दिवसातनं ठराविक वेळीच वरून जातो, त्यामुळं तुमच्या डोळ्याला धूर आधी दिसेल, मेसेजची वाट बघत बसू नका.

विझवायला कोण जाणार ते आधीच ठरवा. गुडघ्याएवढी गवताची आग असेल तर हिरव्या डहाळ्यांनी मारता येते, त्याहून उंच असेल तर मागं फिरा. कधीच आगीच्या समोरनं भिडू नका, बाजूनं किंवा जळून गेलेल्या अंगानं या, काळी झालेली जमीन हीच तुमची पळायची जागा. आणि चढावर आगीच्या वर थांबू नका. आग चढाला माणसापेक्षा जोरात धावते, 2018 च्या मार्चमध्ये तामिळनाडूत कुरंगणीला गवताळ डोंगरावर अडकलेले वीसहून जास्त ट्रेकर गेले ते विसरू नका. अंगात सुती कपडे, पायात बूट, नायलॉनचं काही नको, ते कातडीला चिकटतं. समोरनं उलटी आग लावायचं, म्हणजे येणाऱ्या आगीच्या पुढचं गवत आधीच जाळून टाकायचं काम वनखात्याच्या लोकांवर सोडा.

हेलिकॉप्टरची आशा फार धरू नका. 2019 ला आपल्या कर्नाटकातल्या बंडीपूरच्या जंगलात आणि 2023 च्या मार्चमध्ये आपल्या शेजारच्या गोव्यातल्या म्हादईच्या जंगलात हेलिकॉप्टरनं पाणी टाकलं, पण ते आग हाताबाहेर गेल्यावर येतं. त्याआधी राबतात ते वनखात्यानं उन्हाळ्यापुरते घेतलेले फायर वॉचर, बरेचसे आपल्याच आसपासच्या वाडीतली पोरं, त्यांना पाणी आणि भाकरी पोचवा, पायवाट दाखवायला एक जाणता माणूस सोबत द्या.

गाव सोडायची वेळ आलीच तर उशिरा निघणं सगळ्यात वाईट. पोर्तुगालमध्ये 2017 साली पेड्रोगाव ग्रांदेच्या आगीत 66 माणसं गेली, त्यातली बरीचशी गाडीतनं पळताना रस्त्यावरच अडकली. त्यानंतर तिथल्या सरकारनं गावागावात एक जबाबदार माणूस आणि एक आसऱ्याची जागा ठरवायचा कार्यक्रम सुरू केला. आपल्यालाही हे जमतं, शाळेचं मैदान, देवळासमोरचं अंगण किंवा नांगरून ठेवलेलं भाताचं शेत, जिथं जळायला काही नाही अशी जागा आत्ताच ठरवा. चालता न येणारी माणसं कुठल्या घरात आहेत ती यादी एकाकडं ठेवा. आणि गोठ्यातली दावी कापायला कोयता दाराशीच ठेवा, त्या दिवशी गाठ सुटत नाही.

आग विझल्यावर नुकसान झालं असेल तर साफसफाईच्या आधी फोटो काढा, तलाठ्याला बोलावून पंचनामा करून घ्या, उतारा हाताशी ठेवा. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशीही दोघंजण राखणीला ठेवा, पोकळ झाडाच्या बुंध्यातनं बारीक धूर येतोय का बघत फिरायचं, आणि जळलेल्या झाडाखाली उभं राहायचं नाही, फांदी आवाज न करता पडते.