व्यसनमुक्तीसाठी आलेल्या माणसाच्या जीवनाची गुणवत्ता मोजताना या चुका टाळा

वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये गोणी उचलणारा एक माथाडी कामगार आमच्या व्यसनमुक्ती केंद्रात भरती झाला. वय चाळिशीतलं, गाव साताऱ्याकडचं, राहायला कोपरखैरण्यात. भरतीच्या दिवशीच मी त्याच्याकडून जीवनाच्या गुणवत्तेची प्रश्नावली भरून घेतली. तीन महिन्यांनी तो फॉलो-अपला आला, तेव्हा त्याने दारूचा थेंब घेतलेला नव्हता आणि टोळीबरोबर रोज कामावर जात होता. कागदावरचे आकडे मात्र पहिल्यापेक्षा खाली गेले होते. मीटिंगमध्ये मला विचारलं गेलं, की उपचारांनी हा माणूस बिघडला का?

माणूस सुधारला होता. चुकला होता तो मी घेतलेला पहिला आकडा. पुढची सगळी तुलना त्याच आकड्याशी होते, म्हणून तो घेताना होणाऱ्या चुकांबद्दल लिहिते आहे. नव्याने काम सुरू करणाऱ्या समुपदेशकांना उपयोग होईल.

आम्ही वापरतो ती जागतिक आरोग्य संघटनेची डब्ल्यूएचओक्यूओएल-ब्रेफ. तिला आम्ही नुसतं ‘सव्वीस प्रश्न’ म्हणतो. गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारायचं आणि प्रत्येक उत्तराला १ ते ५ गुण द्यायचे. पहिले दोन प्रश्न एकूण जगण्याबद्दल आणि तब्येतीबद्दल आहेत, उरलेले २४ शारीरिक, मानसिक, सामाजिक संबंध आणि परिसर या चार विभागांत वाटलेले आहेत.

भरतीच्याच दिवशी फॉर्म पुढे करणं

दारू थांबली की साधारण ६ ते १२ तासांत त्रास सुरू होतो. हात कापतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस भ्रम होण्याचा धोका असतो. हे टाळायला डॉक्टर जी औषधं देतात त्यांनी गुंगी येते. अशा माणसासमोर २६ प्रश्नांचा कागद ठेवला तर तो लवकर सुटका व्हावी म्हणून खुणा करतो. त्या माथाडीच्या फॉर्मवर निम्म्या खुणा ३ आणि ४ च्या मधल्या रेघेवर पडल्या होत्या, कारण पेन हातात ठरत नव्हतं. त्या प्रत्येक खुणेला मी माझ्या मनाने ४ धरलं. ही चूक त्याची नव्हती.

त्रास मोजण्यासाठी सीवा-एआर ही १० मुद्द्यांची मोजपट्टी असते. तिचा आकडा ८ च्या खाली येऊन स्थिरावल्यावर, माणूस नीट जेवला-झोपला की फॉर्म घ्या. दारूच्या बहुतेक पेशंटच्या बाबतीत हे पहिल्या आठवड्याच्या शेवटी जमतं. पण तेव्हा ‘गेले दोन आठवडे’ म्हणजे अर्धे घरातले आणि अर्धे वॉर्डमधले होतात. त्यामुळे किती दिवसांनी विचारायचं ते एकदा ठरवा, सगळ्यांना तोच दिवस ठेवा आणि फॉर्मच्या कोपऱ्यात भरतीची तारीख, शेवटचं पिणं कधी झालं आणि चालू औषधं लिहा.

घरच्यांसमोर विचारणं

त्या दिवशी त्याची बायको डब्याची पिशवी छातीशी धरून टेबलाशेजारी उभी होती. मी विचारलं, “दादा, घरातल्या माणसांशी संबंध कसे आहेत? समाधानी आहात?” त्याने मान वर न करता सांगितलं, “बरं हाय की मॅडम. लिवा चार.” ती काही बोलली नाही, पिशवीचे बंद बोटाभोवती गुंडाळत राहिली. मी चार लिहिलं.

सहाव्या दिवशी तो एकटा असताना सहज बोलता बोलता तोच म्हणाला, की मुलगी दोन वर्षं त्याच्याशी बोलत नाही. मी तेव्हा फॉर्म बदलला नाही, नव्याने घेतलाही नाही. बायकोला चहाला पाठवून दहा मिनिटं मिळवली असती तरी पुढचा घोटाळा टळला असता. कित्येक जण भरतीला येतात ते घरच्यांनी किंवा मुकादमाने रेटल्यामुळे. आपण लिहिलेलं घरी वाचून दाखवतील ही भीती त्यांच्या मनात असते. “हा कागद वहिनींना दाखवणार नाही,” हे वाक्य पहिल्या प्रश्नाच्या आधी स्पष्ट म्हणा आणि ते पाळा.

आकडा खाली गेला म्हणजे माणूस खाली गेला असं समजणं

माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान ही चूक करते, कारण तिच्यामुळे पेशंटही खचतो आणि कर्मचारीही. दारू सोडल्यावर काही उत्तरं खाली जाणारच असतात, आणि कुठली ते आधी माहीत असलं पाहिजे.

चौथा प्रश्न विचारतो, की रोजचं काम करायला तुम्हाला औषधोपचारांची किती गरज पडते. पीत असताना माणूस म्हणतो, अजिबात नाही. सोडल्यावर तो रोज गोळी घेतो आणि दर महिन्याला दाखवायला येतो, म्हणून म्हणतो खूप. शारीरिक विभागाचा आकडा लगेच घसरतो. सोळावा प्रश्न झोपेचा. पिऊन पडणं त्याला गाढ झोप वाटत होती. दारू सुटल्यावर कित्येक आठवडे, कधी महिनेसुद्धा झोप तुटक राहते. बाविसावा प्रश्न मित्रांच्या आधाराचा. आमच्या माथाड्याचे सगळे मित्र संध्याकाळी एकत्र बसणारे. त्यांची संगत सोडा असं मीच त्याला सांगितलं होतं, मग त्याने तिथे १ लिहिलं तर तो उपचार पाळतो आहे.

पैशांच्या प्रश्नावरही आधी ३ आणि नंतर १ होतं. विचारल्यावर म्हणाला, “आधी कर्जाचं कळत कुठं व्हतं मॅडम. आता शुद्धीत हाय, तर रोज मोजतोय.”

म्हणून फॉलो-अपला आम्ही आता एक वेगळा कागद जोडतो: ‘आता मागे वळून पाहताना, भरती होण्याआधी कसं होतं?’ हे उत्तर मूळ आकड्यात मिसळायचं नाही, शेजारी ठेवायचं. दोन्हींतलं अंतर पाहिलं की घसरण कुठली आणि समज आल्याची खूण कुठली हे कळतं.

गुण मोजताना होणाऱ्या चुका

३, ४ आणि २६ हे तीन प्रश्न उलटे आहेत. तिथे ५ म्हणजे सर्वांत वाईट, म्हणून उत्तर ६ मधून वजा करायचं. विसरलं तर काय होतं ते पाहा. समजा शारीरिक विभागातल्या सात प्रश्नांची (३, ४, १०, १५, १६, १७, १८) उत्तरं ओळीने ५, ४, २, ३, १, २, २ आली. पहिली दोन उलटवून बेरीज १३ होते, आणि १०० च्या मापावर (कमीत कमी बेरीज ७ म्हणजे ०, जास्तीत जास्त ३५ म्हणजे १००) साधारण २१. न उलटवता बेरीज १९ होते, आणि माप जातं ४३ वर. त्रासात असलेला माणूस कागदावर बरा दिसतो.

सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर असेल, तर हे तीन उलटे प्रश्न ते लगेच पकडून देतात. असा फॉर्म बाजूला ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. चार विभागांची एकत्र बेरीज करून ‘एकूण मार्क’ काढू नका, चारही वेगळे वाचायचे असतात.

एकविसावा प्रश्न लैंगिक जीवनाचा. आपल्याकडे तो फार कोरा सुटतो, आणि बरेचदा विचारणाराच लाजून पुढे जातो. सामाजिक विभागात तीनच प्रश्न आहेत, म्हणून एक गेला की विभाग लंगडा होतो. तो प्रश्न त्याला स्वतः वाचून खूण करू द्या. नाही भरला तर कोरा ठेवा, अंदाजाने ३ टाकू नका.

‘जीवनमान’ म्हणणं

घाईत आपण पहिल्या प्रश्नातल्या ‘क्वालिटी ऑफ लाइफ’चं तोंडी भाषांतर करतो आणि ‘जीवनमान’ म्हणतो. ऐरोलीचा एक रिक्षावाला त्यावर मला पागडी, भाडं आणि हप्ते सांगत बसला, कारण त्याच्या कानाला ते राहणीमान वाटलं. मान्यता असलेलं मराठी भाषांतर वापरा आणि वाचता न येणाऱ्याला तेच शब्द जसेच्या तसे वाचून दाखवा.

फॉर्म न वाचता फाइलला लावणं

सव्विसावा प्रश्न उदासी, निराशा, चिंता किती वेळा येते हे विचारतो. सहावा विचारतो, की आयुष्याला अर्थ आहे असं किती वाटतं. एकावर ‘नेहमी’ आणि दुसऱ्यावर ‘अजिबात नाही’ असं उत्तर असेल, तर त्या फॉर्मचं टायपिंग नंतर होऊ द्या. त्याच दिवशी, केंद्राचं दार बंद व्हायच्या आत, त्या माणसाजवळ बसा आणि मरणाचे विचार येतात का हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडू नका आणि मानसोपचारतज्ज्ञांना तेव्हाच बोलवा. घरी जाणाऱ्याच्या आणि त्याच्या बायकोच्याही मोबाइलमध्ये टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा १४४४६ हे दोन्ही नंबर आपल्यासमोर सेव्ह करून घ्या.